गच्चीवरचं ऊन आणि दारामागची दोरी

आमच्या घरात आजाराचं निदान करायला डॉक्टर लागत नाही, कॅलेंडर पुरतं. मे महिन्यात जे काही होतं ते उन्हानं होतं. डोकं दुखलं तर ऊन, पोट बिघडलं तर ऊन. काकांनी एकदा स्कूटर दुभाजकावर घातली, तेव्हाही घरच्यांनी एकमतानं उन्हालाच दोषी ठरवलं होतं. त्यामुळे मागच्या उन्हाळ्यात मला लघवी करताना जळायला लागलं, तेव्हा कारणावर फारशी चर्चा होणार नाही हे मला आधीच ठाऊक होतं.

तरीही सांगायला मला बरेच दिवस लागले. माझं शिक्षण इंग्रजी शाळेत झालं. दहावीत उत्सर्जन संस्थेची आकृती मी इतकी नेटकी काढली होती की टीचरनी ती वर्गभर फिरवली. मूत्रपिंडापासून खाली येणाऱ्या प्रत्येक नळीला बाण काढून मी तिचं इंग्रजी नाव लिहिलं होतं. आकृती जिथे संपत होती तिथून पुढे पुस्तकही गप्प होतं आणि टीचरही. घरी तर बाईचं शरीर बेंबीपाशी संपायचं आणि गुडघ्यापासून पुन्हा सुरू व्हायचं. मधल्या मुलखाला आमच्याकडे 'तिकडे' म्हणतात, आणि तिकडचं काही बोलायचं झालं तर आधी मिक्सर सुरू करतात.

म्हणून मी माझ्यापुरता एक शहाणपणाचा उपाय शोधून काढला. पाणी पिणं बंद केलं. पाणी नाही तर लघवी नाही, लघवी नाही तर जळणं नाही. तर्क इतका बिनतोड होता की मलाच माझं कौतुक वाटलं. नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ होरपळते दिवस, तोंडावर आला होता, रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं आणि मी ऑफिसात दिवसभर ओठ ओले करण्यापुरतं पाणी पीत होते. शेवटी जायची वेळ यायचीच. मग मी कमोडवर बसून समोरचा नळ दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवायचे. नळानं ते कुणाला सांगितलं नाही, हे त्याचे उपकार.

आईला कळलं ते माझ्या बाटलीवरून. रोज रिकामी परत येणारी बाटली भरलेली परत यायला लागली.

"काहून वं, पाणी नाही पीत का तू?" तिनं विचारलं.

मी फ्रिजच्या दाराकडे बघत सांगितलं की लघवीला जळतं. फ्रिज उघडा ठेवून इतका वेळ उभं राहिल्याबद्दल ती रागवली नाही, यावरूनच मामला गंभीर आहे हे मी ओळखलं.

"उन्हाळी लागली तुले," ती म्हणाली. "मले तर दरवर्षी लागते. आताशा बाराही महिने राहते. त्यानं कोणी मेलं नाही."

हे तिनं असं सांगितलं, जसं गॅसवाला मंगळवारी येतो म्हणून सांगावं. मीही ते तसंच ऐकलं.

मग उपचार सुरू झाले. सकाळी धण्याचं पाणी, दहाला सब्जा, दुपारी कैरीचं पन्हं, संध्याकाळी जवाचं पाणी. बेंबीत एरंडेल. ज्या बाईला लघवी करायची भीती वाटते तिच्यावर जगातल्या सगळ्या लघवी आणणाऱ्या गोष्टींचा मारा झाला. घरातल्या वातावरणात प्रेम भरपूर होतं, हे मी नाकारत नाही.

वरच्या मजल्यावर काका-काकू राहतात. एरंडेलाचा वास जिन्यातून वर गेला आणि काकू खाली आल्या. काकूंकडे कारणांचा मोठा साठा होता. त्यांनी माझी जीन्स बघितली आणि ती नोंदवून ठेवली. नंतर स्कूटरची तापलेली सीट. मग मागच्या शुक्रवारी मैत्रिणींबरोबर खाल्लेलं सावजी मटण, ज्याची बातमी त्यांना कशी लागली हे मला अजून कळलेलं नाही. शिवाय रात्रीचा कूलर, ऑफिसातला एसी आणि मोबाईल. संत्र्यांचा काही संबंध नाही, हे मात्र कुणी विचारायच्या आधीच त्यांनी जाहीर करून टाकलं. त्यांचं माहेर काटोलचं आहे आणि माहेरी संत्र्यांची बाग आहे.

आईचा स्वतःचा असा एक शोध होता. कोरोनाच्या काळात ती 'इन्फेक्शन' हा शब्द शिकली आणि त्याच काळात आमच्या घरात तपकिरी जंतुनाशकाचा मोठा कॅन आला. साथ गेली, कॅन राहिला. संपला की नवा येतो. त्यातलं झाकणभर बादलीत टाकलं की पाणी दुधासारखं पांढरं होतं आणि घराला दवाखान्याचा वास येतो, म्हणजेच घर स्वच्छ आहे. आंघोळीच्या पाण्यात ते, फरशी पुसायच्या पाण्यात ते, आणि माझे नि तिचे आतले कपडे धुऊन झाल्यावर शेवटी बुडवायच्या पाण्यातही तेच. मला जळायला लागल्यावर आईनं एकाऐवजी दोन झाकणं टाकायला सुरुवात केली. त्या पांढऱ्या पाण्याच्या टबात मला रोज बसायला लावलं. मी बसले. टबातून उठताना जळजळ वाढलेली असायची, आणि आई म्हणायची की औषध काम करून राहिलं, म्हणून चुणचुणते.

तरी काही दिवसांनी मी गुपचूप औषधाच्या दुकानात जायचं ठरवलं. आमच्या भागातला प्रत्येक दुकानदार बाबांना नमस्कार करतो, म्हणून मी पार जरीपटक्यापर्यंत गेले. चेहऱ्याला स्कार्फ होता, डोळ्यांवर गॉगल होता. नागपुरात मे महिन्यात सगळ्याच मुली अशा दरोडेखोरासारख्या फिरतात, त्यामुळे लपायला हा महिना फार सोयीचा.

दुकानात चार गिऱ्हाइकं होती. मी ती जायची वाट बघत बघत लहान मुलांच्या टॅल्कम पावडरीच्या किमती वाचल्या. शेवटी दुकानदारानंच हाक मारली आणि मी पुटपुटले. त्याला ऐकू गेलं नाही. मी पुन्हा सांगितलं. आता ते सगळ्यांना ऐकू गेलं.

"किसके लिए चाहिए?" त्यानं विचारलं.

"मौसी के लिए," मी म्हणाले.

मौसीचं वय काय, मौसीचं लग्न झालं आहे का, मौसीला ताप आहे का, सगळं त्यानं विचारलं. मला सख्खी मावशी नाही. पण पाच मिनिटांत मी तिला पंचेचाळीस वर्षांची, विवाहित आणि तापाशिवायची करून टाकलं. त्यानं कुठलीही चिठ्ठी न मागता मौसीसाठी तीन दिवसांच्या अँटिबायोटिक गोळ्या आणि एक गुलाबी सिरप दिलं. गोळ्यांनी मला मळमळलं. जळणं होतं तिथेच राहिलं.

मग बाबांच्या ओळखीच्या लॅबमध्ये लघवीची तपासणी झाली, कारण शेवटी कुणाच्या तरी ओळखीशिवाय आमच्याकडे काही होत नाही. रिपोर्ट इंग्रजीत होता म्हणून वाचायचं काम माझ्याकडे आलं. जंतू नाहीत, पेशी ठीक, साखर नाही, कल्चरमध्ये काही वाढलं नाही. सोनोग्राफीत खडा नाही. घरात आनंदाचं वातावरण पसरलं. बाबांनी कलिंगड आणलं. रिपोर्टप्रमाणे मी ठणठणीत होते, फक्त रिपोर्टला लघवी करायची नसते.

"काहीच नाही निघालं म्हणजे मनाचं आहे," काकू म्हणाल्या. "लग्न करून द्या हिचं. आपोआप ठीक होते सगळं."

लग्नानं लघवीची जळजळ कशी थांबते, हे विचारायची माझी फार इच्छा होती. मी कलिंगडाच्या बिया मोजत बसले. त्या रात्रीपासून मी पाणी पुन्हा कमी केलं. दोन दिवसांनी ऑफिसच्या जिन्यात डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी कठडा धरून खाली बसले. रिक्षानं घरी आले. तेव्हा कुठे आई म्हणाली की एखाद्या बाईडॉक्टरकडे जाऊन येऊ.

डॉक्टर साठीच्या असाव्यात. चष्मा नाकाच्या टोकावर, टेबलावर अर्धा प्यालेला ताकाचा ग्लास. मी वाटेत स्कूटरवर दोन इंग्रजी वाक्यं तयार करून ठेवली होती. ती वापरायची वेळ आली नाही, कारण उत्तरं आई देत होती. किती दिवस झाले, पाळी कधी आली, पाणी किती पिते. माझ्या शरीराबद्दल तिला इतकी माहिती असेल असं मला वाटलं नव्हतं.

"मी तिले विचारून राहिली ना, ताई," डॉक्टर शेवटी म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "आत जळते का बाहेर?"

मला प्रश्न कळला नाही.

"म्हणजे लघवी येताना आतल्या आत आग होते, का ती बाहेर येऊन कातडीले लागते तेव्हा?"

इतक्या दिवसांत, इतक्या सरबतांत, हे कुणी विचारलं नव्हतं. मीही स्वतःला विचारलं नव्हतं. बाजूला आईनं उत्तर द्यायला तोंड उघडलं, "आधी आत, मग..." आणि मिटलं. डॉक्टरांनी तिच्याकडे बघितलं नाही. मी बघितलं.

"बाहेर," मी म्हणाले.

त्यांनी तपासलं. आईला पडद्याच्या अलीकडे थांबवलं, त्यामुळे आई पडद्याला उद्देशून बोलत राहिली. कातडी लालभडक झाली आहे, सोलल्यासारखी, डॉक्टर म्हणाल्या. आंघोळीच्या पाण्यात काय टाकते, आतले कपडे कशात धुते, असं विचारलं. मी तपकिरी कॅनबद्दल सांगितलं. टबाबद्दल सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवला.

"आणि ते कपडे वाळवते कुठं?"

आता हे सांगायला हवं. आमच्या गच्चीवर मे महिन्यात पाय ठेवायला जागा नसते. कुरड्या, सरगुंडे, मूगवड्या, काकूंच्या लाल मिरच्या, गाद्या, उशा, लोणच्याच्या बरण्या. नागपूरचं ऊन फुकट मिळतं आणि आमचं घर त्याचा एक कवडसाही वाया जाऊ देत नाही. दोरीवर बाबांच्या पट्ट्यापट्ट्यांच्या चड्ड्या अशा फडफडतात की पाहुण्यांना घराचा पत्ता सांगताना ती खूण म्हणून देता यावी. त्या गच्चीवर जिला मज्जाव आहे अशी एकच वस्तू घरात आहे. माझे आणि आईचे आतले कपडे बाथरूमच्या दारामागच्या दोरीवर वाळतात, वरून टॉवेल टाकून. पलीकडच्या भिंतीला कूलर आहे आणि त्याची ओली हवा दिवसभर तिथे घुटमळते. सगळं शहर कोरडं ठक्क पडलेलं असताना नागपुरातली एकमेव दमट जागा आमच्या दारामागे होती, आणि तिथले जेमतेम वाळलेले, जंतुनाशकात भिजलेले कपडे मी रोज घालत होते, स्वच्छतेसाठी.

एवढं सगळं मी सांगितलं नाही. "दारामागे," इतकंच म्हणाले.

डॉक्टरांना ते नवीन नसावं. त्यांनी ताकाचा घोट घेतला आणि सांगितलं की जळण्याची कारणं पुष्कळ असतात. कुणाला आत जंतू होतात, कुणाला खडा, कुणाला अंगावरून पांढरं जातं त्यानं, कुणाला नवऱ्याकडून आलेलं काही. पाळी थांबलेल्या बायांना तिथली कातडी कोरडी पडते, त्यानंही फार जळतं आणि त्या बाया वर्षानुवर्षं धण्याचं पाणी पीत बसतात. तुझं मात्र बाहेरचं आहे. औषधाच्या पाण्यानं कातडी भाजली आहे आणि ओलसर कपड्यानं ती बरी होत नाही. एक मलम. धुवायला साधं पाणी. कॅन फरशीपुरता. पाणी पोटभर प्यायचं, न घाबरता. ताप आला, कंबर दुखली, लघवीत रक्त दिसलं तर लगेच यायचं. "आणि निकर उन्हात वाळव," त्या म्हणाल्या. "कडक उन्हात. तेवढं तर आहे आपल्याजवळ."

आई त्या सगळ्या वेळात भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होती. ते मागच्या वर्षीचं होतं.

मलम त्याच दिवशी आणलं, कॅन त्याच दिवशी फरशीपुरता झाला. उन्हाचा प्रश्न मात्र घरगुती राजकारणाचा निघाला. आईचं म्हणणं पडलं की डॉक्टरीणबाईले बोलायले काय जाते, तिच्या घरी गच्ची नसल. मी इस्त्रीनं वाळवू म्हटलं, तर ते विजेचं बिल. खिडकीत टाकू म्हटलं, तर खिडकी रस्त्यावर. आईनं मधला मार्ग काढला, गच्चीवर टाकायचं पण वरून टॉवेल. टॉवेल फार छान वाळला. खाली हात घातला तर सगळं ओलं. मलम लावून दिवसा थोडं बरं वाटायचं आणि दुसऱ्या दिवशी आंघोळीनंतर ओलसर कपडे चढवले की पुन्हा तेच.

शेवटी एका दुपारी मी सुट्टी घेतली. नवतप्यातली दुपार म्हणजे रस्त्यावर कुत्रंही नसतं, तेव्हा आमच्या दोरीकडे कोण बघणार. मी बादली घेऊन वर गेले. वर बाबा होते. निवृत्तीनंतर त्यांनी वाळवणाची राखण स्वतःकडे घेतली आहे. पाण्याच्या टाकीच्या सावलीत खुर्ची, डोक्याला ओला पंचा, हातात काठी, कावळ्यांसाठी आणि माकडांसाठी. ते तिथे असतील हे मला सुचायला हवं होतं. सुचलं नव्हतं.

परत फिरावं असं वाटलं. पण सकाळी मी पुन्हा नळ धरून बसले होते. मी बाबांच्या पट्ट्यांच्या चड्डीला थोडं बाजूला सरकवलं आणि माझ्या निकरा एकेक करून टाकल्या, टॉवेलशिवाय, दोन्ही बाजूंनी चिमटे लावून. बाबा उठले, खुर्ची उचलली, उलट बाजूला फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून बसले. मागे एक कावळा निवांतपणे कुरडई घेऊन गेला. मी बघितलं, बाबांनी बघितलं नाही. पुढचा आठवडाभर त्यांनी राखण भिंतीचीच केली, आणि आमच्या कुरड्या त्या वर्षी कमी भरल्या.

काकू चार वाजता मिरच्या उलथायला वर आल्या. त्यांनी दोरी बघितली. मग पलीकडची बिल्डिंग बघितली. मग मला.

"आमच्या घरच्या बायांनी असं कधी नाही केलं," त्या म्हणाल्या. "लोकं काय म्हणतीन?"

मला उत्तर देता येत नाही. घरी पोचून जिना चढताना मला उत्तरं सुचतात, आणि ती चांगली असतात. त्या वेळी मात्र मी आधीच गच्चीवर होते, चढायला जिना उरला नव्हता. "काकू, तुमच्या मिरच्या थोड्या सरकवता का?" मी म्हणाले. "तिखट उडून कपड्यांवर बसतं."

काकूंनी मिरच्या सरकवल्या. का सरकवल्या, ते त्यांनाही नंतर कळलं नसावं.

ऊन मात्र कुणाचं ऐकत नाही. कपडे तासाभरात कडकडीत वाळायचे, पापडासारखे. हळूहळू जळणं कमी झालं. मग एक दिवस लघवीला जाऊन आले, आणि मी नळ धरला नव्हता हे हात धुताना माझ्या लक्षात आलं. बाटली रिकामी घरी यायला लागली. काकूंनी श्रेय एरंडेलाला दिलं.

इथे हे संपायला हवं होतं. पण पुढच्या आठवड्यात कपडे काढायला वर गेले, तर दोरीच्या टोकाला, बाबांच्या दोन बनियनींच्या मधोमध लपवलेली, आईची निकर होती. मोठी, पांढरी, धुऊन धुऊन विरलेली. मी ती काढली, घडी घातली. मागे आई होती. मूगवड्या आधीच भरून झाल्या होत्या, तरी ती रिकाम्या चादरीवरून हात फिरवत होती.

"उन्हानं फरक पडला का?" मी विचारलं.

ती चादर झटकत राहिली. मग म्हणाली, "त्या बाईनं तुले विचारलं होतं ना, आत का बाहेर."

"हो."

"माह्यं दोन्हीकडे आहे," ती म्हणाली. "पाळी गेली तेव्हापासून."

तिची पाळी माझ्या कॉलेजच्या वर्षांत गेली. तेव्हापासून दर उन्हाळ्यात, आणि मग बाराही महिने, ती धण्याचं पाणी पीत होती आणि मी ते गाळून देत होते. त्यानं कोणी मेलं नाही, हे तिनं मला सांगितलं होतं. जगण्याची इतकी खालची अट मी दुसऱ्या कुणाकडून ऐकलेली नाही.

मी तिला सांगितलं की यावर ऊन पुरणार नाही, दाखवावं लागेल. ती म्हणाली की माह्यं काय, आता वय झालं, आणि पडद्यामागे तिला ते जमणार नाही. मी वाद घातला नाही. खिशातून फोन काढला आणि दवाखान्यात लावला. काकू मिरच्या गोळा करायला वर आल्या होत्या आणि फार हळूहळू गोळा करत होत्या. बाबा भिंतीकडे तोंड करून बसले होते.

पलीकडून कुणासाठी वेळ हवी आहे असं विचारलं. आईनं माझा दंड धरला. "मावशीसाठी म्हण," ती कुजबुजली. "तुह्या मावशीसाठी."

मला क्षणभर जरीपटक्याची ती पंचेचाळीस वर्षांची विवाहित बाई आठवली, तापाशिवायची. बिचारी एकाच घरात दोनदा आजारी पडत होती.

"आईसाठी," मी फोनमध्ये म्हणाले, जरा मोठ्यानं. "लघवीला जळतं. आत आणि बाहेर, दोन्हीकडे."

काकूंच्या हातातल्या मिरच्या थांबल्या. भिंतीकडे बघणाऱ्या बाबांनी खुर्ची फिरवली नाही, पण डोक्यावरचा ओला पंचा काढून मांडीवर घेतला. उद्या सकाळी साडेदहाला या, असं फोनवर सांगितलं. तेवढ्यात बाबांचा आवाज आला, त्याच भिंतीकडे बघत.

"रिक्षा नका करू," ते म्हणाले. "मी सोडून देईन तुमाले."